तीस रात्रींची सोबत

चाळिशीनंतर बदली झालेल्या माणसाला नव्या गावात भाड्याचे घर मिळते, मुलांना शाळा मिळते, गॅसचे कनेक्शन आणि दूधवालाही आठवड्याभरात मिळतो. मित्र मात्र मिळत नाही. कार्यालयात सहकारी असतात, इमारतीत शेजारी असतात, किराणा दुकानदार नावाने ओळखू लागतो. पण रात्री नऊ वाजता, काहीही काम नसताना, ज्याच्या दारात उभे राहून ‘चल, चहा घेऊ’ म्हणावे असा कोणी नसतो.

हे बदलीवर आलेल्याच्याच वाट्याला येते असेही नाही. ज्याने गाव कधी सोडले नाही, त्याचे मित्र पुण्या-मुंबईला आणि काही आखातात गेलेले असतात. लग्न होऊन आलेल्या मुलीच्या मैत्रिणी माहेरच्या गावात राहून जातात. निवृत्त शिक्षकाला शाळेच्या घंटेबरोबर आपली स्टाफरूमही गेली, हे दोन महिन्यांनी कळते. हे दुःख कोणी बोलून दाखवत नाही, कारण ते पोरकट वाटते. लहान मूल मैदानाच्या कडेला उभे राहून सरळ विचारते, ‘मला खेळायला घेता का?’ पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने हा प्रश्न कुणाला विचारायचा?

उर्दूत ‘मुलाकात’ म्हणजे साधी भेट. तोच शब्द मराठीत ‘मुलाखत’ होऊन आला आणि नोकरी देणाऱ्याच्या टेबलासमोर जाऊन बसला. मोठ्या माणसांच्या पहिल्या भेटीत मुलाकात थोडी आणि मुलाखतच जास्त असते. काय करता, कुठे राहता, मूळ गाव कुठले, आडनाव काय. चार उत्तरे मिळाली की समोरच्याचा अंदाज येतो आणि तिथेच बोलणे संपते. मैत्रीला अंदाज पुरत नाही. तिला वेळ लागतो, आणि तोही ज्याचा हिशेब ठेवलेला नाही असा वेळ.

मोठ्या वयाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची मैत्री ठरवून जुळवण्याचा एक प्रसंग इस्लामच्या इतिहासात आहे. रमजानमधल्या बयानांतही तो अनेकदा सांगितला जातो. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित हजरत मुहम्मद (स.) आणि त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेला आले. या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि हिजरी सन तिथूनच मोजला जातो. मक्केहून आलेले ते मुहाजिर, आणि त्यांना आसरा देणारे मदिनेचे रहिवासी ते अन्सार. मुहाजिरांपैकी बहुतेकांनी घरदार, धंदा, नातलग मागे सोडले होते. मक्केची माणसे व्यापारी, मदिनेची खजुराच्या बागा राखणारी. हवा वेगळी, कामे वेगळी, सवयी वेगळ्या.

प्रेषितांनी या लोकांसाठी छावणी उभारली नाही. त्यांनी जोड्या लावल्या. एक मुहाजिर, एक अन्सार, आणि दोघे एकमेकांचे भाऊ. याला ‘मुआखात’ म्हणतात. ‘अख’ म्हणजे भाऊ, त्यावरून हा शब्द. अशा साधारण नव्वद माणसांच्या जोड्या लागल्याचे चरित्रकार सांगतात. सुरुवातीला या मानलेल्या भावांना एकमेकांच्या वारशातही हक्क होता. पुढे मुहाजिर आपल्या पायांवर उभे राहिल्यावर तो हक्क रद्द झाला आणि वारसा रक्ताच्या नात्याकडे परत गेला. कायद्याचा भाग गेला तरी जोड्या मोडल्या नाहीत.

यातली हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत साद बिन रबी (रजि.) यांची जोडी प्रसिद्ध आहे. साद मदिनेतल्या सधन लोकांपैकी होते. त्यांनी या नव्या भावाला आपल्या मालमत्तेतला निम्मा वाटा देऊ केला. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली, वाटा घेतला नाही, आणि फक्त इथला बाजार कुठे आहे ते दाखवा, असे सांगितले. सादनी त्यांना कैनुका या ज्यू कबिल्याच्या बाजाराची वाट दाखवली. तिथे अब्दुर्रहमान यांनी वाळवलेले दही आणि तूप विकायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत ते प्रेषितांच्या भेटीला आले तेव्हा त्यांच्या कपड्यावर सुगंधी पिवळा डाग होता. विचारल्यावर कळले, लग्न झाले आहे. किमान एका मेंढीचे का होईना, पण वलीमा म्हणजे लग्नाचे जेवण द्या, असे प्रेषितांनी त्यांना सांगितले.

ही गोष्ट सांगताना बहुतेकदा सादच्या उदारपणावर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण मैत्रीच्या दृष्टीने अब्दुर्रहमान यांचे मागणे जास्त शहाणपणाचे वाटते. निम्मी मालमत्ता घेतली असती तर एक उपकारकर्ता आणि एक उपकृत एवढेच नाते उरले असते. त्यांनी काही मागितलेच नाही असेही नाही. देणाऱ्याला जड होणार नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, अशी एक लहानशी मदत मागितली. नव्या गावात आलेल्या माणसाला हे जमत नाही. तो एकतर सगळे स्वतःच करतो, नाहीतर गूगलला विचारतो. शेजाऱ्याला ‘इथे चांगला शिंपी कोण?’ एवढे विचारले तरी एक दार किलकिले होते.

दुसरी जोडी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांची. सलमान इराणचे, भाषा आणि मुलूख दोन्ही परके. एकदा ते अबू दर्दा यांच्या घरी गेले तर घरची बाई अगदी उदासवाण्या वेशात दिसली. विचारल्यावर तिने सांगितले, की तुमच्या भावाला आता संसारातल्या कशातच रस राहिलेला नाही. अबू दर्दा यांनी पाहुण्यासाठी जेवण मांडले आणि आपला रोजा असल्याचे सांगितले. तो रमजानचा फर्ज रोजा नव्हता, स्वखुशीचा नफ्ल रोजा होता. सलमान म्हणाले, तुम्ही जेवणार नसाल तर मीही जेवणार नाही. अबू दर्दा यांना रोजा सोडून जेवावे लागले. रात्री ते नमाजसाठी उठू लागले तसे सलमाननी त्यांना पुन्हा झोपवले, आणि रात्र सरत आल्यावर स्वतःच उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावले, की ईश्वराचा माणसावर हक्क आहे तसा शरीराचाही आहे आणि घरच्यांचाही, ज्याचा त्याचा हक्क त्याला द्यावा. अबू दर्दा यांनी हे प्रेषितांच्या कानावर घातले तेव्हा सलमानचे म्हणणे खरे आहे, असाच निर्वाळा मिळाला.

ओळखीचा माणूस इतके बोलत नाही. तो ‘छान आहे, चालू द्या’ म्हणून जेवून निघून जातो. घरात शिरून, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून, ‘हे चुकते आहे’ म्हणण्याचा अधिकार मित्रालाच असतो. चाळिशीनंतर माणसाला नेमकी हीच उणीव भासते. रक्तदाबाची गोळी घेतली का, मुलाशी इतके कठोर का वागतोस, कर्ज काढून एवढे मोठे लग्न कशाला, हे विचारणारे कोणी उरत नाही. हे दोघे पुढे दूर गेले, अबू दर्दा शामकडे म्हणजे सिरियात आणि सलमान इराकमध्ये. तरीही पत्रे सुरू राहिली. अबू दर्दा यांनी या पवित्र भूमीत या, असे बोलावले तेव्हा सलमाननी उत्तर धाडले, की माणसाला भूमी पवित्र करत नाही, त्याची कर्मे करतात. टोकण्याची सवय पत्रातूनही सुटली नव्हती.

प्रेषितांच्या सहवासातल्या माणसांना ‘सहाबा’ म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याच धातूपासून ‘सोहबत’ आला, आणि तोच फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘सोबत’ झाला. ‘सोबतीला ये रे जरा’ असे म्हणणाऱ्या मराठी आजीच्या तोंडात आणि मदिनेच्या त्या जोड्यांमध्ये एवढे नाते आहे.

आज जोड्या लावून देणारे कोणी नाही. मग मोठ्या माणसांना न ठरवता, पुन्हा पुन्हा, त्याच जागी भेटायला कुठे मिळते? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मैत्रीला किती तास लागतात हे मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीतून हलकीफुलकी मैत्री व्हायला साधारण ५० तास, तिची खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. नोकरदार माणसाकडे एका अनोळखी माणसासाठी पन्नास तास कुठून येणार?

रमजानमध्ये ते येतात. रात्रीच्या ईशाच्या नमाजनंतर महिनाभर तरावीहची नमाज होते. बहुतेक मशिदींत ती २० रकातींची असते, काही ठिकाणी ८ रकातींची. हाफिजसाहेब रोज थोडे थोडे करत संपूर्ण कुरआन ऐकवतात. ईशा धरून सव्वा ते दीड तास जातो, म्हणजे तीस रात्रींचे चाळीस-पंचेचाळीस तास. लोक रांगेत, म्हणजे सफेत, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सफेत कोणाची जागा राखलेली नसते, पण माणूस सवयीचा असतो. चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत बहुतेकांचा खांब ठरतो, पंखा ठरतो आणि डावी-उजवीकडची माणसेही ठरतात. तहसील कचेरीतला अव्वल कारकून आणि गॅरेजमधला मेकॅनिक एरवी एकमेकांसमोर आले तर मध्ये टेबल असते किंवा बिघडलेली मोटारसायकल. इथे मध्ये काहीच नसते.

हॉल यांच्या हिशेबात एक मेख मात्र आहे. एकत्र काम करण्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, थट्टा, रिकामे बसणे यांचे तास मोजले जातात. नमाजमध्ये तर बोलायचेही नसते. इथे ‘तरावीह’ या शब्दाकडेच पाहावे. तो ‘तरवीहा’चे अनेकवचन आहे आणि तरवीहा म्हणजे विसावा. दर चार रकातींनंतर थोडे थांबायचे, म्हणून या नमाजचे नावच विसाव्यांवरून पडले. त्या विसाव्यात लोक तस्बीह पढतात, पाणी पितात, गुडघा चोळतात. शेजारचा म्हणतो, ‘गुडघा धरलाय का? उद्या या भिंतीशी उभे राहा, टेकता येईल.’ आणि नमाज संपल्यावर मशिदीबाहेरच्या टपरीवर अर्धा अर्धा कप चहा होतो. पन्नासातले उरलेले तास तिथे भरले जातात. अलीकडे व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी काही शहरांत दहा दिवसांत कुरआन पूर्ण करणारी तरावीह असते. ज्यांना दुकान सांभाळायचे त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. पण अकराव्या दिवशी शेजारच्या खांद्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

पुरुषांना आणखी एक अडचण असते, ती जिभेची. एक हदीस अशी आहे: प्रेषितांजवळ एक माणूस बसला होता. समोरून दुसरा गेला तेव्हा बसलेला म्हणाला, की मला हा माणूस आवडतो. प्रेषितांनी विचारले, त्याला हे सांगितले का? नाही म्हणताच त्यांनी त्याला सांगायला पाठवले, आणि तो उठून, मागे जाऊन, सांगून आला. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातही मोठ्या माणसाला हे आपणहून सुचत नव्हते, एवढाच याचा अर्थ घेतला तरी पुष्कळ. ‘दोन दिवस दिसला नाहीत, बरे होते ना?’ हे मराठी वाक्य त्याच कामाचे आहे.

बायकांच्या वाट्याला हे पंचेचाळीस तास येत नाहीत, हे सांगायलाच हवे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मशिदींत बायकांच्या नमाजची सोय नाही. काही मोहल्ल्यांत एखाद्या घराच्या हॉलमध्ये किंवा मदरशात बायकांची तरावीह होते, बाकीच्या घरीच पढतात. दुपारी चारपासून फळे चिरणे, भजी तळणे, सरबत करणे, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सहरी करणे. पुरुषांच्या मैत्रीचे तास घरच्या बाईच्या स्वयंपाकाच्या तासांवर उभे असतात. एखाद्या पुरुषाने खजूर आणि कलिंगडाच्या फोडींवर रोजा सोडून भजी स्वतः तळली, तर रमजान कमी होत नाही.

तरीही बायका वाट काढतात, आणि त्यांची वाट ताटातून जाते. मगरिबच्या अजानच्या आधी वीस मिनिटे गल्लीत मुलांची धावपळ सुरू होते. क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट या घरातून त्या घरात. रिकामे ताट परत पाठवू नये हा रिवाज मोहल्ल्यात आहे तसा पेठेतही आहे. त्यामुळे एक ताट गेले की हिशेब कधी संपतच नाही. नवी सून पहिल्या दिवशी ताट पोराच्या हातून पाठवते. चौथ्या दिवशी समोरून निरोप येतो, ‘दहीवड्यात काय घातलं होतंस, विचारलंय.’ आठव्या दिवशी ती स्वतःच ताट घेऊन जाते आणि अजान होईपर्यंत दारात उभी राहते. रस्सा करताना पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्याला आठवा, अशा अर्थाची हदीस आहे. तिचा अर्थ या बायकांना व्याख्यानातून शिकावा लागलेला नाही.

मुआखात मुसलमानांमधली होती. तिच्या नावाने सर्वधर्मीय मैत्रीचा दाखला देणे इतिहासाला धरून होणार नाही. शेजाऱ्याच्या हक्काला मात्र धर्माची अट नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी एकदा बकरे कापले गेले. घरी येताच त्यांचा पहिला प्रश्न होता, आपल्या ज्यू शेजाऱ्याला वाटा पाठवला का? हाच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, कारण शेजाऱ्याच्या हक्कावर प्रेषितांनी किती भर दिला होता ते त्यांनी ऐकलेले होते.

आपल्या गावात हा शेजारी आता लांब राहायला गेला आहे. जुन्या पेठेत दाराला दार लागून होते. नव्या वस्त्यांमध्ये घर घेताना आडनाव आधी विचारले जाते आणि वस्त्या आपोआप वेगळ्या होत जातात. प्रत्येकाने आपल्या फोनमधली यादी एकदा पाहावी. दुसऱ्या धर्माचे जे खरे मित्र सापडतात ते बहुतेक दहावीच्या वर्गातले किंवा वसतिगृहातले. तिशीनंतर मिळालेला असा एक तरी मित्र आहे का? ग्राहक, डॉक्टर, वकील, सहकारी असतात. त्यांच्या घरातल्या आजारी माणसाचे नाव मात्र माहीत नसते.

यावर दरवर्षी एक उपाय होतो, त्याला इफ्तार पार्टी म्हणतात. मंडप, नेते, रुमाली टोप्या, खजूर तोंडाशी धरून फोटो. यात वाईट हेतू असतोच असे नाही. पण एका संध्याकाळी पाचशे लोक चाळीस मिनिटे भेटून जी होते ती उपस्थिती. मैत्री व्हायची तर दोन खुर्च्या आणि सात-आठ संध्याकाळी जास्त उपयोगी. इफ्तारला मोठी तयारी लागत नाही, मांसाहार तर लागतच नाही. खजूर, कलिंगड, केळी, चण्याची उसळ, कांदाभजी आणि सरबत एवढ्यावर कोणाच्याही घरचा माणूस बसू शकतो. बोलावणाऱ्याने ‘कधीतरी या’ म्हणू नये, ‘गुरुवारी सूर्यास्ताला या’ म्हणावे. येणाऱ्याने ‘पाणीसुद्धा नाही?’ हा प्रश्न दुसऱ्या वर्षी तरी टाळावा. त्याऐवजी पहाटे कोण उठवते, पहिला रोजा कितव्या वर्षी ठेवला, असे विचारले तर माणूस अर्धा तास बोलतो.

आणि हे एकाच दिशेने चालणार नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा दिला की वर्षाचे कर्तव्य झाले, असे अनेक मुस्लिम घरांतही मानले जाते. समोरच्याकडच्या सत्यनारायणाला, बारशाला, दहाव्याला जाणे राहून जाते. कधी संकोचाने, कधी ‘बोलावले नाही’ म्हणून. नेहमी देणाराच राहणे हेसुद्धा अंतर ठेवणे आहे. शेजारच्या काकांकडे शिडी मागायला जावे. मुलीच्या मराठीच्या पेपरासाठी निवृत्त गुरुजींना गाठावे. बाजार कुठे आहे, हे विचारायला हवे.

एकोणतिसाव्या रात्री चंद्र दिसेल की नाही याची चर्चा सुरू होते, तेव्हा मशिदीबाहेर एक गोष्ट हमखास घडते. महिनाभर शेजारी उभे राहिलेले दोघे चप्पल शोधता शोधता थांबतात. उद्या ईद ठरली तर तरावीह नाही, म्हणजे भेटही नाही. परवापासून ईशाला दीड सफच भरेल, आणि पुन्हा ज्याचा त्याचा मोहल्ला, ज्याची त्याची ड्युटी. मग एक जण खिशातून फोन काढतो. नाव, आडनाव, कार्यालय हे सगळे तेव्हा पहिल्यांदा विचारले जाते, आणि नंबर कशाच्या पुढे टाकायचा हे न सुचून तो लिहितो, ‘तरावीह, दुसरी सफ, पंख्याखाली’.